पगार देणाऱ्याने घरात किती डोकवावे?

मोर्शीकर:
आर्वीकर साहेबांनी काल लिहिले की घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर कंपनीने नजर ठेवण्यात काहीही गैर नाही, आणि ज्याच्या मनात पाप नाही त्याने स्क्रीनशॉटला घाबरू नये. हे वाचून राहवले नाही. मी गावात राहून पुण्यातील एका कंपनीचे काम करतो. तिचे सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी माझ्या स्क्रीनचे चित्र टिपते, आणि की-बोर्ड व माउस थोडा वेळ हलले नाहीत तर तो वेळ ‘आयडल’ म्हणून लाल पट्टीत दाखवते. अवघड चूक शोधताना मी कागदावर आकडेमोड करतो. जेव्हा खरे डोके चालते नेमका तोच वेळ लाल होतो. दुपारी वीज गेली की राउटर बंद पडतो आणि तो वेळही माझ्याच नावावर लागतो. एकदा वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तो मी त्याच लॅपटॉपवर उघडला आणि नेमके तेवढ्यात चित्र टिपले गेले. पुढच्या मीटिंगमध्ये टीम लीडरने सर्वांसमोर विचारले, “वडिलांची शुगर एवढी कशी वाढली?” माझ्या वडिलांनी कोणत्या कंपनीला संमती दिली होती? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो गावातल्या घराला लागू होत नाही काय?

आर्वीकर:
मोर्शीकर भाऊ, अहवालाबाबत झाले ते वाईटच झाले, परंतु तो दोष त्या टीम लीडरच्या जिभेचा आहे. मी मेडिकल बिलिंगचे छोटे ऑफिस चालवतो आणि माझ्याकडे नोकरीला असलेली मुले-मुली आपापल्या खेड्यांतून काम करतात. अमेरिकेतील रुग्णांची माहिती आमच्या हाती असते आणि तिकडच्या हिपा कायद्यामुळे ती कोणी, केव्हा उघडली याची नोंद आम्हाला ठेवावीच लागते. एका मुलाने गुपचूप दुसऱ्या कंपनीचेही काम धरले, आमच्या फायली पडून राहिल्या आणि त्या महिन्यात सर्वांचेच पगार उशिरा झाले. त्या घरांची चिंता कोणी करायची? आपण सांगितलेला निकाल मुख्यतः सरकारविरुद्धच्या हक्काचा आहे. उलट २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरू देतो.

धारणीकर:
आपण दोघेही लॅपटॉपपुरते बोलत आहात. मेळघाटात ही नजर मजुराच्या घमेल्यापर्यंत केव्हाच पोचली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) सार्वजनिक कामांवर एनएमएमएस अ‍ॅपवरूनच हजेरी घेणे, म्हणजे दिवसातून दोनदा जागेच्या नोंदीसह फोटो काढणे, सक्तीचे झाले. आमच्या ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, नेटवर्क मिळवायला टेकडी चढावी लागते. माझ्या काकूने दिवसभर माती वाहिली, दुसरा फोटो अपलोड झाला नाही आणि तिची मजुरी बुडाली. खोदलेला चर समोर होता, टेप लावून मोजता आला असता. पण तो कोणी मोजला नाही.

आर्वीकर:
विषय सॉफ्टवेअरचा आहे, रोहयोचा नाही. तरीही आपण काढलाच आहे म्हणून सांगतो. आमच्या गावचा पांदण रस्ता जेसीबीने झाला आणि मजुरी मात्र पुण्याला राहणाऱ्यांच्या नावे निघाली. बोगस मस्टरने, म्हणजे खोट्या हजेरीपटाने, योजना पोखरली, म्हणून फोटो आला. मजुरांच्या नावाने चोरांची बाजू घेऊ नका.

धारणीकर:
चोरांची बाजू घेतो असे म्हणणे मला अपमानास्पद वाटते. चोरी मस्टर भरणाऱ्याने केली आणि शिक्षा काकूला झाली, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाय चोरी तरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की या अ‍ॅपवर भलतेच फोटो, एवढेच काय, फोटोचेही फोटो काढून टाकले जात आहेत.

वणीकर:
रोहयोवर वेगळी चर्चा जरूर करा, पण आम्हा बायकांचाही विचार व्हावा. या नोकरीमुळे मला लेकरांना सोडून पुण्याला जावे लागले नाही, त्यामुळे स्क्रीनशॉट मी सहन करते. कॅमेरा मात्र नाही. दोन खोल्यांच्या घरात माझ्या पाठीमागे सासूबाई झोपलेल्या असतात. दिवसभर कॅमेरा सुरू ठेवण्यास नकार दिला म्हणून फ्लोरिडाच्या एका कंपनीने नेदरलँड्समधील कर्मचाऱ्याला काढले, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला सुमारे ७५,००० युरो देण्यास कंपनीला भाग पाडले. आमच्याकडे नकार दिला तर न्यायालय दूरच, दुसऱ्याच दिवशी माझ्या जागी दुसरी येईल.

मोर्शीकर:
धारणीकरांनी विषय सोडलेला नाही, ते मुळाशी गेले आहेत. फोटोचा फोटो जसा निघतो, तसाच की-बोर्डही खोटा हलवता येतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेने त्यावरूनच डझनभराहून अधिक लोकांना काढले. बोटांची हालचाल मोजली की लोक हालचालच दाखवतात. फ्रान्सच्या माहिती संरक्षण संस्थेने तर डिसेंबर २०२४ मध्ये असा ‘रिकामा वेळ’ मोजणाऱ्या आणि स्क्रीनशॉट घेणाऱ्या एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. रुग्णाची फाइल कोणी उघडली याची नोंद साहेबांनी अवश्य ठेवावी, त्यास माझा विरोध नाही. परंतु त्यासाठी माझ्या वडिलांचा अहवाल का लागावा?

आर्वीकर:
फाइलची नोंद आणि स्क्रीनशॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मान्य करतो, आनंदाने नव्हे. पुढच्या महिन्यात स्क्रीनशॉट बंद करून पाहीन, आणि फायली पडून राहिल्या तर पुन्हा सुरू करीन. लाल पट्टी मात्र राहील, कारण आमचा क्लायंट तासावर पैसे देतो.

मोर्शीकर:
मग वीज गेल्याचा तास कोणाच्या नावावर लागणार, ते पट्टी ठेवण्याआधी आपल्या मुलांना लेखी द्यावे.