मदत हवी आहे: जखमी मुलांची दारूबाबत तपासणी, रक्त पाठवावं की प्रश्न विचारावेत?

कॅज्युअल्टीत येणाऱ्या १२ ते १७ वयाच्या प्रत्येक जखमी मुलाची दारूबाबत तपासणी सुरू करायची आहे. सध्या तोंडाला वास आला तरच रक्त पाठवलं जातं. सगळ्यांचंच पाठवावं का? प्रश्नावली कोणती, आणि केव्हा? आईवडील बेडपासून हलत नाहीत, त्यावर काय करता येईल?

राखाडी_टोपण:
रक्ताचा आकडा फक्त 'आत्ता अंगात आहे का' एवढंच सांगतो. दारू तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या वेगाने उतरते. अपघाताच्या वेळी ८० असलेलं मूल पाच तासांनी आणलं, तर रिपोर्ट निगेटिव्ह! तेवढ्यावर फाइल मिटवू नका.

रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन वापरा. फ्लोराइडची ट्यूब भरून घ्या आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर अल्कोहोल उडून जातं. लॅब एन्झाइम वापरून अल्कोहोल मोजत असेल तर आणखी एक खोच आहे: मोठ्या दुखापतीत रक्तातलं लॅक्टेट आणि एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) दोन्ही खूप वाढलेले असले, तर न प्यायलेल्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. शिवाय सीरममधला (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) आकडा पूर्ण रक्तापेक्षा जास्त येतो, म्हणून रिपोर्टवर नमुना कशाचा ते लिहिलेलं हवं.

आणि जीसीएस (शुद्धीचा स्कोअर, पूर्ण शुद्धीत १५) कमी असेल तर त्याचं खापर दारूवर फोडू नका. आधी ग्लुकोज बघा (प्यायलेल्या मुलांची साखर पटकन घसरते), मग डोक्याला मार आहे का ते.

दुसरी_पाळी:
सवय कळायला प्रश्नच लागतात. १२ ते २१ वयासाठी 'क्राफ्ट' (CRAFFT) ही प्रश्नावली घ्या. सुरुवात 'पितोस का?' अशी नको. 'गेल्या १२ महिन्यांत किती दिवस?' असं विचारायचं. दारू आणि इतर नशा, सगळ्याचं उत्तर शून्य आलं तर फक्त गाडीचा प्रश्न, नाहीतर सहाही: नशेत असलेल्याच्या गाडीत बसणं (किंवा स्वतः चालवणं), बरं वाटावं म्हणून घेणं, एकट्याने घेणं, नंतर काही न आठवणं, घरच्यांनी किंवा मित्रांनी कमी कर म्हणणं, अडचणीत सापडणं. दोन 'हो' म्हणजे पुढचं मूल्यमापन. गाडीचा प्रश्न कधीच गाळू नका, न पिणारं मूलही त्यात सापडतं.

वेळ: जीसीएस १५, वेदना आटोक्यात, नशा आणि मॉर्फिनची गुंगी उतरलेली.

पालकांना 'हे सगळ्याच मुलांना एकट्यात विचारतो, दहा मिनिटं बाहेर थांबा' एवढं पुरतं. गुप्ततेची मर्यादा मुलाला आधीच सांगायची: जिवाला धोका दिसला तर मोठ्यांना कळवावं लागेल. प्रश्न कागदावर किंवा टॅबवर दिले तर अजून बरं.

धागाकर्ता:
आणि प्लास्टर घालून दोन-तीन तासांत घरी जाणारी मुलं?

दुसरी_पाळी:
एक्स-रेची वाट बघताना कागद हातात द्या. डिस्चार्जच्या गडबडीत विचारलेल्याला 'नाही' हेच उत्तर येतं.