घरच्या सोलर बॅटरीची चाचणी : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

बसवणारा सांगतो, "सात-आठ तास आरामात चालतंय की." लाईट गेल्यावर पंखा खरंच किती वेळ फिरतो, हे ज्यांनी स्वतः लोड लावून बघितलंय त्यांनी आकड्यांसकट लिहावं. कंपन्यांची नावं नकोत. सुरुवात मी करतो.

जुळे सोलापूर
१२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अ‍ॅसिड बॅटरी. गुणाकार केला की १८०० वॉट-तास होतात. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के वाया जातात असं धरलं तर हाती साधारण ७६५. विकताना हा हिशेब कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे.

दिवसभर चार्ज करून संध्याकाळी सोलर पॅनेलचा एमसीबी (स्विच) पाडला, मेनही बंद केला आणि बॅटरी दोन-तीन तास तशीच ठेवली. मग दोन पंखे आणि ट्यूब, मिळून १८० वॉट. चार तास मिळाले. पंखे चालू असताना मल्टिमीटर खालचाच आकडा दाखवतो, त्यावर जाऊ नका. लोड काढून तासाभराने टर्मिनलवर वाचा : १२.७ व्होल्टच्या आसपास भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. इन्व्हर्टरवरच्या चार्ज दाखवणाऱ्या कांड्यांपेक्षा हा आकडा भरवशाचा.

मोहोळ तालुका, वस्तीवरून
दादा, आमच्याकडं लाईनच आलेली नाही. पोरगी बारावीला आहे, रात्रीचा अभ्यास सगळा बॅटरीवर. आमची लिथियम फॉस्फेट, २५.६ व्होल्ट १०० एएच. तिला व्होल्टेजची परीक्षा लागू पडत नाही. जवळजवळ शेवटपर्यंत आकडा २६ च्या आसपास रेंगाळतो, मग भराभर घसरतो आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) वीज तोडून टाकतो. पुस्तक उघडं, दिवा गेलेला. म्हणून शंटवाला मीटर बसवून घेतला, किती एएच गेले ते तो मोजतो. लिथियमवाल्यांनी एवढा खर्च कराच.

आणि चाचणी एप्रिलात घेऊ नका. आपल्याकडं उन्हाळ्यात कुठलीही सिस्टीम पास होते. श्रावणात आभाळ भरून आलं की खरं काय ते कळतं.

विजापूर रोड
आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. अर्धा एचपीची मोटर चालताना ५००-६०० वॉटच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर लगेच ओव्हरलोडचा आवाज देतो. बॅटरी कितीही मोठी असली तरी इथं उपयोग नाही. चाचणीत मोटर आणि फ्रिज चालू करून बघाच.

पूर्व भाग
आयुष्य कारखान्याच्या बॅटरी-रूममध्ये गेलं, म्हणून दोन शब्द. पाण्याच्या बॅटरीला हायड्रोमीटरशिवाय (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) तपासलं असं मी मानत नाही. सहाही सेल वेगवेगळे वाचा. पाच १.२४ आणि एक १.१८ असेल तर दोष त्या एकात आहे, आणि तोच सगळी बॅटरी खाली ओढतो. आकडा २७ अंशांना धरून असतो. आपल्या मे महिन्यात आतलं अ‍ॅसिड सहज ४० च्या वर जातं, तेव्हा २७ च्या वरच्या दर दहा अंशांना ०.००७ मिळवा. आणि बाबांनो, बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. डोळ्यांवर चष्मा हवा, जवळ विडी-काडी नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

होटगी रोड
काका, एक शंका. शेजाऱ्यांचं ३ किलोवॉटचं सोलर आहे, केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले. पण लाईट गेली की तेही अंधारात. असं का?

पूर्व भाग
ते ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. तारेत वीज नसली की त्यांचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) लागतो.

जुळे सोलापूर
मोहोळच्या ताई, श्रावणात नेमकं किती कमी पडतं?

मोहोळ तालुका, वस्तीवरून
दाट ढग असले की कंट्रोलरवर (पॅनेलच्या विजेनं बॅटरी भरणारी पेटी) उन्हाळ्याच्या तिसरा हिस्साच युनिट दिसतात. म्हणून आम्ही बॅटरी तेवढीच ठेवली आणि एक पॅनेल वाढवलं. भरलीच नाही तर मोठी बॅटरी घेऊन काय करायची?