मदत हवी आहे: फ्रीमेसनरीतली (गवंडीकामाच्या हत्यारांना नीतीची प्रतीकं मानणाऱ्या बंधुसंघटनेतली) प्रतीकं समजून घ्यायला काय वाचू?

नमस्कार मंडळी. माझे आजोबा गवंडी होते. ओळंबा, गुण्या (काटकोन), पाणसळ ही आमच्या घरातली हत्यारं. मुंबईत फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमुळे कुतूहल वाटून वाचायला लागलो, तर तीच हत्यारं तत्त्वज्ञान होऊन समोर आली: गुण्या म्हणजे सचोटी, कंपास म्हणजे वासनांना घातलेली मर्यादा, खडबडीत दगड म्हणजे अजून न घडलेला माणूस. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे ऐकत वाढलोय, त्यामुळे हे सगळं फार जवळचं वाटलं.

अडलोय ते अल्बर्ट पाइक या अमेरिकी फ्रीमेसनच्या 'मॉरल्स अँड डॉग्मा' या पुस्तकापाशी (१८७१). फ्रीमेसनरीतल्या पदव्यांचा (सभासदाच्या पायऱ्यांचा) अर्थ सांगताना तो ठिकठिकाणी कबाला (ज्यू गूढविद्या) आणि प्राचीन गूढपंथ आणतो. पण लंडनची पहिली ग्रँड लॉज (लॉज म्हणजे शाखा, ग्रँड लॉज म्हणजे त्यांची मध्यवर्ती संस्था) १७१७ची, म्हणजे तशी अलीकडची. मग हा गूढार्थ मुळातलाच, की मागाहून चढवलेला? पाइकआधी काय वाचावं?

मुंबईत १८४३मध्ये माणेकजी कर्सेटजींच्या पुढाकाराने भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' लॉज निघाली. तिथल्या सभासदांनी या प्रतीकांवर मराठी-गुजरातीत काही लिहिलंय का? कुठल्या ग्रंथालयात मिळेल?

कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा सभासद असतील तर जरूर लिहा. गुप्त खुणा विचारत नाही, फक्त अर्थ समजून घ्यायचाय.