मदत हवी आहे: बाबांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि वाढलेली शुगर

नमस्कार मंडळी, बाबांना (वय ६४) बरीच वर्षं टाइप २ डायबेटीस आहे, शुगरच्या गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. मध्यंतरी आत्याने कुठलातरी व्हिडिओ पाहून सांगितलं की शुगरमुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणारे कण शरीरात साठणं) वाढतो, त्यानेच डोळे-किडनी-नसा जातात, अँटीऑक्सिडंट (ते रोखणारं) घे, झालं, बाबांनी मेडिकलमधून व्हिटॅमिन ई ४०० आणि सीच्या ५०० वाल्या चघळायच्या गोळ्या आणल्या, सी तर सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांना विचारलंत का म्हटलं तर "व्हिटॅमिनच तर आहे!"

आता दंडावर लावलेल्या शुगर मोजायच्या सेन्सरवर आकडे आधीपेक्षा वर दिसतायत, जेवण तेच, चालणं तेच. आणि बाबा ग्लिमेपिराइड मनानेच वाढवायचं म्हणतायत. व्हिटॅमिनने शुगर वाढते का? पायाला मुंग्या येतात त्यावर तरी ई चालतं का? प्लीज सांगा, टेन्शन आलंय.

प्रतिसाद १:
ताई, आधी ग्लिमेपिराइडला हात लावू देऊ नका. शुगर खरंच वाढलीय की सेन्सर फसतोय ते बघा. सेन्सर ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करून शुगर मोजतो, पण सीचंही त्याच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशन होतं आणि तो ते ग्लुकोज म्हणून मोजतो, काही सेन्सरच्या माहितीपत्रकात तर दिवसाला ५०० मिग्रॅच्या वर सी नको असं छापलेलंच असतं, बाबांचं १००० होतंय. खोट्या आकड्यावर डोस वाढवला तर शुगर धाडकन खाली जाईल. सी बंद करून लॅबमध्ये उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) करा.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं आत्या बोलल्या ते खोटं नाही, पण गोळीने फायदा दिसलेला नाही. होप नावाच्या ट्रायलमध्ये (निकाल २०००) साडेनऊ हजार लोकांत, त्यात डायबेटीसवाले भरपूर, रोज ४०० युनिट ई साडेचार वर्षं देऊनही हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत, आणि पुढे चालू ठेवल्यावर ईवाल्यांत हार्ट फेल्युअर जास्त निघालं. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनही सरसकट घेऊ नका म्हणते. सी हवंच असेल तर पेरू, आवळा आहेत की (मोरावळा नाही हं!).

मुंग्यांसाठी बी१२ तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं, आणि ते कोणी सांगत नाही.

प्रतिसाद २:
रक्त पातळ करायची गोळी आहे का? वॉरफरिन असेल तर ई ४०० ने ब्लीडिंगचा धोका वाढतो.

धागाकर्ती:
वॉरफरिन नाही, इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन) आहे. त्यालाही ई नकोच ना? सीची डबी लपवलीये, उद्या लॅबवाल्याला घरीच बोलावते, बी१२ पण सांगते.

प्रतिसाद २:
इकोस्प्रिनलाही नकोच. रिपोर्ट आले की दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा.