कोकणकडा काळाच का येतो?

भर पौर्णिमेलाही रात्रीच्या फोटोत हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा काळा का येतो, असा प्रश्न पडतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे चंद्र मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडे कलल्यावरच त्याच्यावर उजेड पडतो. ट्रायपॉड तेव्हा लावा. २० मिमी लेन्स, एफ/२.८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८००, एक्स्पोजर १५ ते २० सेकंद. २५च्या पुढे तारे लांबट होतात. अष्टमीला मात्र उजेड निम्मा नव्हे, पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, म्हणून आयएसओ थेट ६४००. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात) चंद्रावर फोकस करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. अंधारात स्क्रीन फसवी उजळ दिसते, हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेखच बघा. आणि कोजागिरीच्या सुमारास लेन्सवरचं दव दर १० मिनिटांनी तपासाच!