मदत हवी आहे : फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्प वाजवायचाय, ॲटेन्युएटर घेऊ का?

सहावी तार
नमस्कार मंडळी,
कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. नुकताच फेंडरचा ब्लूज ज्युनिअर हा गिटारचा ट्यूब ॲम्प सेकंडहँड घेतलाय. १५ वॅट, ईएल८४ जातीच्या दोन पॉवर ट्यूब, १२ इंची आठ ओहमचा एकच स्पीकर. "१५ वॅट म्हणजे घरगुतीच हो," असं विकणारा म्हणाला होता. त्याचं घर बहुतेक शेतात असावं.

व्हॉल्यूम आणि मास्टर दोन्ही वर नेले की काय वाजतो! टेलिकास्टर गिटारचा ब्रिज पिकअप, हलका स्ट्रोक मारला तर स्वच्छ, जरा जोर लावला की तोच सूर गुरगुरतो. सगळं बोटांवर, पेडलला हातही लावावा लागत नाही. पण दुसऱ्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून फोन येतो. मास्टर उतरवून व्हॉल्यूम चढवला तर डिस्टॉर्शन मिळतं, पण ते माशी घोंगावल्यासारखं. दम नाही.

म्हणून ॲटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी पॉवर उतरवणारा डबा, बघतोय. साधे रेझिस्टिव्ह (आत नुसते रेझिस्टर) स्वस्त आहेत, रिॲक्टिव्हच्या (खऱ्या स्पीकरसारखं वागणाऱ्या) किमती बघून घाम फुटला. फरक कानाला कळण्याइतका असतो का? ट्यूब लवकर जातात म्हणतात ते खरं का? आणि मुख्य म्हणजे रात्री दहानंतर वाजवता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

तारकर्ली
एवढा खर्च कशाला? मागची स्पीकरची वायर उपटा, त्याच जॅकमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार संगणकाला जोडायचा डबा) घ्या आणि हेडफोन लावा. आवाज शून्य, खर्च शून्य.

ओहमशांती
तारकर्ली, राग मानू नका, पण हे कुणीही करू नका. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्पीकर काढला तर सहसा काही होत नाही. ट्यूब ॲम्पचं उलटं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड, म्हणजे स्पीकर किंवा त्याच्या जागी काही, मिळाला नाही की त्याच्या ट्यूबकडच्या वाइंडिंगवर व्होल्टेज भलतंच उसळतं. मग ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते नाहीतर वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. शिवाय आठ ओहमवर १५ वॅट म्हणजे साधारण ११ व्होल्ट. एवढं इंटरफेसच्या इनपुटला देणार? दोन्ही वस्तू एका झटक्यात भंगारात.

आता धागाकर्त्याचा प्रश्न. ॲटेन्युएटर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो. ॲम्पला वाटतं स्पीकर जोडलाय, तो जोरात चालतो, आणि बरीचशी पॉवर डब्यात उष्णता होऊन जाते. मास्टर कमी केला की मुळात ईएल८४ कडेच सिग्नल कमी जातो, त्यामुळे तुम्हाला हवी ती गुरगुर येत नाही. इथे ईएल८४ पूर्ण ताकदीनिशी चालतात. म्हणूनच ट्यूब लवकर झिजतात हे खरं, पण ते काम ॲटेन्युएटरचं नाही, वर नेलेल्या नॉबचं. स्टेजवर तसाच वाजवला असतात तरी तेवढ्याच झिजल्या असत्या.

किती कमी होईल याचं गणित आधी करा, नाहीतर पस्तावाल. ३ डेसिबल कमी म्हणजे अर्धी पॉवर, पण कानाला फरक जेमतेम. १० डेसिबल कमी म्हणजे दीड वॅट, आवाज निम्मा वाटतो. २० कमी म्हणजे ०.१५ वॅट. ऐकायला क्षुल्लक, पण गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात. एका वॅटला एक मीटरवर ९८ डेसिबलच्या आसपास देतात. म्हणजे ०.१५ वॅटलाही ९० भरतात! साधं बोलणं ६० च्या घरात असतं. म्हणून खरेदी करताना जास्तीत जास्त किती डेसिबल उतरतात ते बघा. काही डबे २० वरच थांबतात.

रिॲक्टिव्हबद्दल : स्पीकरचे आठ ओहम हे नावाला. खर्जात, रेझोनन्सच्या जागी, इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) कितीतरी पट चढतो आणि वरच्या सप्तकाकडे पुन्हा वाढत जातो. ट्यूब ॲम्प या चढउताराला प्रतिसाद देतो. साधा रेझिस्टर सगळीकडे सपाट आठ, त्यामुळे खर्ज पोकळ आणि वरची धार बोथट वाटते. व्हॉक्सच्या एसी१५ सारख्या, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागे देणं) नसलेल्या ॲम्पना हे जास्त जाणवतं. सहा-सात डेसिबलच उतरवणार असाल तर रेझिस्टिव्ह पुरतो, कारण खरा स्पीकर अजून बराचसा लोड सांभाळतो. २० च्या पुढे जायचं तर रिॲक्टिव्हला पैसे घाला.

पेडलवाला
ओहमशांतींना +१. पण एक राहिलं. कमी आवाजात आपल्या कानालाच खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि स्पीकरचा कागद ढकलला जात नाही तो वेगळाच. ॲटेन्युएटर कितीही भारी आणा, सहाच्या नॉबवरची मजा कुजबुजीच्या आवाजात येत नाही. माझं मत, दिवसा थोडा ॲटेन्युएटर, आणि रात्रीसाठी असा लोड बॉक्स ज्यात स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर कॅबिनेटचं सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) ऐकता येतं. घेण्याआधी एक चांगला ओव्हरड्राइव्ह पेडल स्वच्छ ॲम्पपुढे लावून बघा. अर्ध्या लोकांचं तिथेच भागतं.

अवांतर : २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. खालच्या मजल्यावरचे लोक बिचारे फोनच करतायत, हे नशीब समजा.

सहावी तार
सगळ्यांचे आभार, विशेषतः ९० चा आकडा. २० वाला घेणारच होतो! आता रात्रीचं हेडफोनवर आणि रविवारी सकाळी ॲटेन्युएटर लावून थोडं मोकळेपणाने, असं ठरवतोय. एक शेवटची शंका : दादरला एकजण १६ ओहमचा रिॲक्टिव्ह लोड बॉक्स अर्ध्या किमतीत देतोय. माझ्या आठ ओहमच्या आउटपुटला चालेल?

ओहमशांती
लगेच जळेल असं नाही, पण घेऊ नका. दुप्पट इम्पिडन्सने आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचा ताण वाढतो, आणि वर्षानुवर्षे जोरात चालवायच्या ॲम्पला ते कशाला? टोनही बदलतो, मग रिॲक्टिव्हला दिलेले पैसे फुकट. आठचाच शोधा आणि वॅटची क्षमता ॲम्पच्या दुप्पट तरी हवी. डिस्टॉर्शनमध्ये ॲम्प १५ च्या बराच वर जातो.

ब्लूज ज्युनिअरचा स्पीकर मागे जॅकने जोडलेला असतो, त्यामुळे सोल्डरिंग लागणार नाही. ॲम्प बंद करून वायर बदला. ॲम्प ते डबा आणि डबा ते स्पीकर, दोन्हीकडे स्पीकर केबलच. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आत तार बारीक, तापते आणि तुटली तर लोडच गेला. डबा ॲम्पवर ठेवा, गादीवर नको, हाताला चांगलाच गरम लागेल. दादरवाल्याकडे आठ ओहमचं मॉडेल आहे का तेही विचारा. असे डबे वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतात, एखादेवेळी त्याच्याकडेच पडून असेल.