लातुरात बसून काम करणाऱ्यानं पगार कमी का घ्यावा?

मांजराकाठ
एका एचआरवाल्यांची पोस्ट दोन दिवसांपासून सगळ्या ग्रुपांवर फिरायलीय. म्हणणं असं की लातूर-नांदेडला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं असेल तर वीस टक्के पगार सोडावा, कारण घरभाडं वाचतं. शिवाय ऑफर आल्यावर घासाघीस करणाऱ्याचं नाव खराब होतं म्हणे. हे वाचून गप्प बसवेना.

पगार कामाचा असतो. पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा पगार कंपनी कापते का? आणि इथला खर्च कोण धरणार? लाइट गेली की राउटर, लॅपटॉप, स्क्रीन, पंखा मिळून दोनशे वॅट तरी लागतात. 150 एएचची बॅटरी नवी असेल तर पाच-सहा तास ओढते, जुनी झाली की दोन तासांत बसते. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते, म्हणून दुसरं कनेक्शन वेगळ्या कंपनीचं ठेवावं लागतं. वर महिन्याला पुण्याची फेरी. कमी घेणं तर लांबच, इंटरनेट-बॅकअपचा मासिक भत्ता आणि फेरीचा खर्च वेगळा मागायला पाहिजे.

पगारपट्टी
ती पोस्ट माझी नाही, पण नेमणुकीच्या बाजूचं कुणीतरी सांगायला हवं. मोठ्या कंपन्यांत बहुतेक ठिकाणी ग्रेडला शहरवार पगारपट्टा (किमान ते कमाल पगार) ठरलेला असतो. त्याबाहेर जायचं तर विभागप्रमुखांची आणि वित्त विभागाची नवी मंजुरी लागते. एचआरच्या मनात आलं म्हणून आकडा हलत नाही.

खरा घोटाळा वेळेचा होतो. उमेदवार पहिल्या फोनवर "तुम्ही द्याल ते" म्हणतो आणि ऑफरचं पत्र निघाल्यावर आठवड्यातले तीन दिवस घरून काम मागतो. तोवर मंजुरी होऊन गेलेली असते. निवड झाल्याचं कळल्यापासून पत्र निघेपर्यंतचे दोन-चार दिवस, बोलायची जागा तेवढीच. आणि हातात नसलेली दुसरी ऑफर सांगू नका, प्रत मागतात.

वाळूज थर्ड शिफ्ट
सगळी चर्चा लॅपटॉपवाल्यांचीच चाललीय. संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात कारखान्याच्या लाइनवर उभं राहणाऱ्या इंजिनिअरनं काय मागायचं? त्याला सवलत नसतेच, असं धरूनच बोलताय सगळे.

मागता येतं. शिफ्ट आठवड्यानं फिरते की पंधरवड्यानं, रविवारी शटडाउनला बोलावलं तर बदली सुट्टी किती दिवसांत मिळणार, थर्ड शिफ्टची बस घराजवळ येते की चौकापर्यंतच, हे आधी विचारा. क्वालिटीवाल्याला पीपॅपची फाइल (ग्राहकाकडून सुटा भाग मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) आणि 8डी रिपोर्टसाठी (दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा अहवाल) महिन्यात दोन दिवस घरून मिळायला काहीच अडचण नाही. आणि पदनाम बघा. कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो. "एक्झिक्युटिव्ह" लिहिलं की कंपनी तो देत नाही.

आकडेमोड
टक्क्यांवर भांडण्याआधी टक्के कशाचे ते बघा. नऊ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ऐकून लोक महिन्याला 75 हजार धरतात. त्या नऊ लाखांतले 90 हजार व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), ते वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. मूळ पगार 37,500 असेल तर कंपनीचा पीएफ वर्षाला 54,000 आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) 4.81 टक्क्यांनी 21,645, दोन्ही सीटीसीतच. उरले महिन्याला 61,196. त्यातून तुमचा पीएफ 4,500 आणि व्यवसाय कर 200. हातात 56,496. आयकर शून्य धरूनसुद्धा, कारण नव्या करप्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत तो लागत नाही.

पीएफ 15,000 पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे 1,800 रुपये, लावून घेतला तर तुमचा आणि कंपनीचा हिस्सा मिळून हातात महिन्याला 5,400 जास्त पडतात. हे रुजू व्हायच्या आधीच ठरवा, मागाहून पीएफ सहसा कमी करून मिळत नाही.

पगारपट्टी
हा सल्ला घातक आहे! महिन्याचे 9,000 पीएफमध्ये जायचे ते 3,600 वर आणायला सांगताय. 8.25 टक्के व्याज आणि सक्तीची बचत सोडून हातातल्या पैशाचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आकडेमोड
घराचा हप्ता चालू असलेल्याला सक्तीची बचत शिकवू नका. निर्णय त्याचा आहे. तुम्ही लोक विचारल्याशिवाय तक्ता दाखवत नाही, राग त्याचा आहे. ऑफर तोंडी आली की पहिलं वाक्य हेच: "महिनावार फोड पाठवा, मग आकड्यावर बोलू."

वाळूज थर्ड शिफ्ट
ग्रॅच्युइटीचं कोणीच बोलेना. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर कायम नोकरीवाल्याला ती मिळत नाही, तरी सीटीसीत दरवर्षी धरतात. हे पगार फुगवून दाखवणंच झालं.

पगारपट्टी
फुगवणं म्हणू नका, कंपनीला तरतूद करावीच लागते. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितांनी मुदतीच्या करारावरच्यांना वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी लागू केलीय. तक्ता आधी द्यायला हवा, एवढं मात्र मान्य करतो.

गोदातीर
ग्रॅच्युइटीत अडकून मूळ मुद्दा राहिला. घरून कामाची परवानगी बहुतेकांना मॅनेजर तोंडी देतो. सहा महिन्यांत मॅनेजर बदलतो, नवा म्हणतो सोमवारपासून पुण्यात या. पत्रात "बेस लोकेशन पुणे" असेल तर तुमच्या हातात काहीच नाही. फेरीचा खर्चही मिळत नाही, कारण कागदोपत्री तुम्ही पुण्यातच आहात.

बाळंतपणानंतर रुजू होणाऱ्या बाईलाही तेच. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं 26 आठवड्यांच्या रजेपुढं घरून कामाची सोय आली, पण दोघांच्या संमतीनं. म्हणजे अटी आधी लिहून घेतल्या नसतील तर त्या वेळी पुन्हा विनवण्या. मेल एवढाच टाका:

"बेस लोकेशन लातूर. कार्यालयात महिन्यातून दोन दिवस, तारखा पंधरा दिवस आधी. प्रवास व मुक्काम खर्च कंपनीचा. यात बदल करायचा झाल्यास 60 दिवस आधी लेखी सूचना. हे ऑफर लेटरमध्ये घ्यावे."

पगारपट्टी
60 दिवस कुणी लिहून देणार नाही, 30 मागा. बेस लोकेशन बदलून मिळतं, पण पगारपट्टा त्या शहराचा लागू शकतो.

मांजराकाठ
म्हणजे फिरून वीस टक्क्यांवरच आलात.

गोदातीर
म्हणून क्रम पाळायचा. आधी पुण्याच्या पट्ट्यात महिनावार आकडा मेलवर पक्का करून घ्या, मग लोकेशनच्या कलमाचा विषय काढा. आणि सही केलेलं पत्र हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा टाकू नका. 90 दिवसांची नोटीस एकदा सुरू झाली की नव्या कंपनीला कळतं तुम्हाला मागं फिरता येत नाही.